तार, कान आणि आमचा खरेपणा

आमच्या मामांनी वयाच्या ७८ व्या वर्षी स्वतःच्या हातांनी एक तारेची जोडी बनविली आणि आम्ही ती निरर्थक ठरविली. गोष्ट २०१७ च्या दिवाळीतली आहे. तार म्हणजे तबकडीयंत्रातून निघणारा सूक्ष्म विद्युत्‌ध्वनी अँप्लिफायरपर्यंत नेणारी, दोन्ही टोकांना पिना असलेली, दोन हात लांबीची केबल. असल्या क्षुल्लक वस्तूवरून नीतीचा प्रश्न उद्भवावा हे वाचकांस विचित्र वाटेल. आम्हांसही तेव्हा वाटले नव्हते. एखाद्याच्या आनंदाचे कारण खोटे आहे अशी आपली खात्री झाली, तर ते त्याला सांगावे की नाही, आणि सांगावयाचेच असेल तर ‘खात्री’ या शब्दाला किती वजन असावे, हा तो प्रश्न होय.

ज्यांच्या घरी ही यंत्रे नाहीत त्यांच्यासाठी चार शब्द सांगणे भाग आहे. संगीतयंत्राचे भाग वेगवेगळे असतात: तबकडी फिरविणारे एक, सीडी वाजविणारे दुसरे, आवाज मोठा करणारे तिसरे. त्यांना जोडणाऱ्या केबलच्या पोटात एक किंवा दोन तांब्याच्या तारा असतात, त्यांवर प्लॅस्टिकचे वेष्टन, आणि त्याभोवती बारीक तारांची विणलेली जाळी. या जाळीला कारागीर ‘शील्ड’ म्हणतात. घरातील विजेच्या तारांतून ५० हर्ट्झची जी घरघर सदोदित वातावरणात असते, ती आत शिरू नये म्हणून हे चिलखत. टोकाला जी पिन असते तिला ‘आरसीए’ म्हणतात. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या नावाची ती आद्याक्षरे. अशी केबल बाजारात शंभर रुपयांत मिळते आणि लाख रुपयांतही मिळते. दोन्हींच्या पोटात तांबेच असते.

मामांचे घराणे होळकरशाहीत कारकुनीच्या निमित्ताने इंदुरास आले ते तेथेच रुजले. निवृत्तीनंतर त्यांचे दोनच व्यवहार उरले होते: पहाटे ध्वनिमुद्रिका ऐकणे आणि दुपारी घरातील बिघडलेल्या वस्तू आणखी बिघडविणे. हे दुसरे वाक्य मामींचे आहे. त्या वर्षी त्यांनी महाराणी रोडवरच्या एका दुकानातून मायक्रोफोनला वापरतात ती दोन गाभ्यांची शील्ड असलेली केबल दोन मीटर आणली, चार पिना आणल्या, आणि पंचवीस वॅटचा डाख देण्याचा लोखंडी दांडा माळ्यावरून खाली काढला. सारा खर्च तीनशे रुपयांच्या आत. काम मात्र आठ दिवस चालले. केबलचे वरचे कातडे सुरीने सोलावे तर आतली जाळी कापली जाते. जाळी उलगडून पीळ घालावा तर तिचा एखादा तंतू मधल्या तारेस शिवतो आणि सगळेच मुके होते. तारेच्या टोकाला आधी डाखाची पातळ कल्हई द्यावी लागते, मग ती पिनेच्या पन्हाळीत ठेवून दोन्ही एकदम तापवावी लागतात. शिसे-कथलाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो. त्या क्षणी हात हलला तर सांधा वरून गुळगुळीत न दिसता दाणेदार, राखाडी दिसतो. कारागीर त्याला ‘ड्राय’ म्हणतात. तो दिसतो जोडलेला, पण असतो सुटा. मामांच्या हाताला कंप होता. त्यांनी केबल धुण्याच्या चिमट्यात धरली, चिमटा पाटाच्या फटीत अडकविला, मनगट टेबलाच्या कडेवर टेकले आणि श्वास रोखून एकेक सांधा दिला. पिना दोन जोड्यांच्या चार, प्रत्येक पिनेत दोन सांधे, म्हणजे आठ. शिवाय शील्डचे दोन. शील्ड त्यांनी मुद्दाम एकाच बाजूला, अँप्लिफायरकडच्या टोकाला, जोडली आणि ते टोक ओळखू यावे म्हणून तेथे मौंजीच्या धाग्यासारखा पिवळा दोरा गुंडाळला.

दिवाळीत आम्ही भेटीस गेलो तेव्हा त्यांनी फराळाआधी ती जोडी दाखविली. म्हणाले, “कुरकुर गेली बघ. आणि तंबोरा उघडला.”

ही दोन वाक्ये वाचकांनी लक्षात ठेवावीत. आम्ही ठेवली नाहीत.

‘तंबोरा उघडला’ हा शब्दप्रयोग गाणाऱ्यांच्या घरातला. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो केसभर पुढेमागे सरकविला की एका विशिष्ट जागी तारेचा नाद एकदम फुलतो, त्यातून गंधार आपोआप बोलू लागतो. हीच जवारी. पैशाला पासरी मिळणाऱ्या सुताने हजारोंच्या वाद्याचा नाद बदलतो, हे ज्याने जन्मभर पाहिले, त्याने तांब्याची तार बदलल्याने नाद बदलेल असे मानणे यात अंधश्रद्धा कोणती? उलट ते अनुभवाला धरूनच आहे. परंतु आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी. जवारीच्या धाग्याने तारेचे कंपनच बदलते; केबलला कंपनाशी कर्तव्य नाही. केबल फार तर दोन गोष्टी करू शकते. तिच्या अंगी जी विद्युत्‌धारिता असते तीमुळे वरच्या कंपनांना अडथळा होऊ शकतो. आणि तिचे चिलखत निकृष्ट असेल तर बाहेरची घरघर आत येते. आम्ही तेथेच, चिवड्याच्या बशीशेजारी, गणित मांडले. सीडी यंत्राचा उगमाकडील रोध सढळ हाताने एक हजार ओहम धरला, मीटरभर केबलची धारिता शंभर पिकोफॅरड धरली, तर अडथळा सुरू होतो तो सुमारे १६ लाख हर्ट्झपाशी. मनुष्याच्या कानाची मर्यादा २० हजार, आणि तीही तरुणपणी. म्हणजे कोणतीही धड केबल दुसऱ्या धड केबलसारखीच. सबब मामांस जो फरक ऐकू आला तो कानांत नसून मनात होता.

येथवर थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता. पण मामा म्हणाले, “तुझं गणित राहू दे. ऐक.” आणि आम्ही म्हणालो, “ऐकायचंच तर डोळे मिटून ऐकू या.”

परीक्षा रीतसर झाली. मामांच्या नातवाला यंत्रांच्या मागे बसविले. मामांची जोडी तबकडीयंत्रावरून काढून सीडी यंत्राला लावली आणि तिच्याशी तुलनेसाठी सीडी यंत्राची कारखान्यातून आलेली जोडी घेतली. सीडी अशासाठी की तोच तुकडा पुनःपुन्हा अचूक वाजविता येतो. शिवाय तबकडीची झीज मामांस सहन झाली नसती. नातवाने नाणे उडवून कोणती जोडी लावायची ते ठरवावे, कुमारांच्या गाण्याचे पहिले अर्धे मिनिट, नुसता तंबोरा आणि पहिला आलाप वाजवावा, आणि मामांनी सांगावे: माझी की त्यांची. असे वीस वेळा. नुसत्या अंदाजाने सांगणाराही दहाच्या आसपास बरोबर येतो. पंधरा किंवा अधिक बरोबर आले तर ते योगायोगाने येण्याची शक्यता शेकडा दोन. मामांची उत्तरे अकरा बरोबर आली.

आम्ही आकडा वाचून दाखविला. स्वरात विजय नसावा याची काळजी घेतली होती, असे आम्हांस आजवर वाटत आले आहे; मामींचे मत निराळे आहे. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी आपली जोडी सीडी यंत्रावरून काढली, गुंडाळली, आणि कपाटात ठेवली. पिवळा दोरा तेवढा बाहेर लोंबत होता. त्यानंतर अनेक महिने पहाटेच्या ध्वनिमुद्रिका बंद होत्या असे मामींनी फोनवर सांगितले. विचारले तर म्हणत, कानच राहिले नाहीत आता.

आपण केले ते योग्य की अयोग्य, याचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आलो. आमच्या बाजूने बोलण्याजोगे पुष्कळ आहे. मामांचा भ्रम निरुपद्रवी होता खरा, पण भ्रमाची ही जात निरुपद्रवी नाही. जो कान स्वतःच्या कष्टाने बनविलेल्या तारेत नसलेला गोडवा ऐकतो, तोच कान लाख रुपयांच्या तारेतही तो ऐकतो, आणि त्यावर एक संपूर्ण बाजार उभा आहे. त्या महागड्या केबलींवर बाण छापलेले असतात, ‘या दिशेने लावावी’ म्हणून. ध्वनीचा विद्युत्‌प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा पालटतो, त्याला बाण काय दाखविणार? मामांच्या पिवळ्या दोऱ्याला अर्थ होता, कारण त्यांची शील्ड एकाच टोकाला जोडलेली होती. छापील बाणाला पुष्कळदा तेवढाही अर्थ नसतो. आपल्या माणसाला लुबाडणुकीपासून वाचवावयाचे तर भ्रमाचा दोर पहिल्या वेटोळ्यालाच कापलेला बरा, असे आम्ही स्वतःस सांगितले. मामा कधी काळी लाखाची केबल घेणार होते काय, हा प्रश्न स्वतःस विचारला नाही. तीनशे रुपयांत तार बनविणारा माणूस त्या बाजाराचा गिऱ्हाईक नव्हे, त्याचा वैरी असतो.

दुसरे समर्थन वेदान्तातले. दोरीवर साप दिसला तर दिवा आणणारा उपकारकर्ता ठरतो. भीती गेल्याचे दुःख कोणी करीत नाही. परंतु त्याच दोरीच्या ठिकाणी एखाद्याला फुलांची माळ दिसत असेल तर? दिवा तोच, उजेड तोच, ज्ञान तितकेच खरे. मात्र येथे दिवा आणणाऱ्याने काहीतरी हिरावून नेलेले असते. भ्रमनिरास तितकाच शुद्ध असूनही एका ठिकाणी तो दान होतो आणि दुसऱ्या ठिकाणी अपहार. अप्रिय सत्यासंबंधीचा स्मृतीतला इशारा आपणा सर्वांस पाठ आहे, पण तो पळवाटेसारखा वापरला जातो म्हणून आम्हांस तो कधी आवडला नाही. आजही आवडत नाही. मामांस आम्ही खोटे सांगावयास हवे होते असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न असा की, त्यांनी विचारले नसताना सांगावयास हवे होते काय.

आणि आनंदाचे कारण खोटे निघाले म्हणून आनंद खोटा होतो काय? तंबोरा उघडल्याचा भास झाला त्या पहाटे मामा खरोखरीच दोन तास अधिक बारकाईने ऐकत बसले होते. जो बारकाईने ऐकतो त्याला तंबोऱ्यात पूर्वी न ऐकलेले काही ऐकू येते. ते आधीपासून तबकडीत असतेच. म्हणजे तारेने नव्हे, तार बनविण्याने त्यांचे कान उघडले असतील. औषधशास्त्रात याच्या जवळचा एक प्रयोग आहे. अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० साली आतड्याच्या विकाराने त्रस्त रुग्णांना ‘या गोळीत औषध नाही’ असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या, तरी त्यांना गोळी न घेणाऱ्यांपेक्षा बरे वाटले. खरे सांगूनही गुण टिकला. मामांचा टिकला नाही. कदाचित त्या डॉक्टरांची सांगण्याची रीत आमच्यापेक्षा बरी असेल.

(येथे एक अवांतर. आपल्यासारख्या जुन्या बिऱ्हाडांत ‘आमची मराठी अस्सल, पुण्यामुंबईची भेसळीची’ असे अभिमानाने म्हणण्याची चाल आहे. पडद्याआड बसवून आमच्या घरची वीस वाक्ये कोणा पुणेकरास ऐकविली तर काय निकाल लागेल याची आम्हांस धास्ती वाटते. दर तिसऱ्या वाक्यात ‘मतलब’ आणि ‘हां भई’ येते. ही परीक्षा कोणी घेऊ नये अशी आमची इच्छा आहे, आणि मामांच्या परीक्षेच्या वेळी ही इच्छा आम्हांस आठवली नाही.)

या सगळ्या विचारांत आम्ही एक गोष्ट गृहीत धरून चाललो होतो: आमची परीक्षा खरी होती. तेथे आम्हांस थांबविले ते एका जुन्या हकिकतीने. १९१५ पासून दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी ध्वनियंत्राच्या जाहीर परीक्षा भरविल्या. रंगमंचावर यंत्र, शेजारी ज्या गायिकेची ध्वनिमुद्रिका तीच उभी. ती गाई, मध्येच ओठ मिटून घेई, मुद्रिका गातच राही. कधी दिवे घालवीत. गाते कोण हे ओळखता येत नाही, असे श्रोते आणि वृत्तपत्रे सांगत. आज ती यंत्रे ऐकली तर कोणालाही हसू येईल. मग हजारो लोकांचे कान फसले कसे? या परीक्षांत गायिलेल्या अ‍ॅना केस यांनी उतारवयात सांगून टाकले की, यंत्राच्या आवाजाशी जुळावा म्हणून आपणच आपला आवाज तसा करीत असू. परीक्षेत लबाडी म्हणावी अशी कोठेच नव्हती. कशाची तुलना कशाशी करावयाची, हे मांडणाऱ्याने ठरविले होते, एवढेच.

हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आम्ही कशाची तुलना कशाशी केली होती?

पुढच्या उन्हाळ्यात इंदुरास गेलो तेव्हा मामींकडून तारांचा डबा मागून घेतला. तबकडीयंत्राची मूळची जोडी, मामांनी बदलली ती, त्यात सापडली. एका पिनेचे टोपण फिरवून उघडले. शील्डची वेणी काळीहिरवी पडलेली, पिनेला धरून राहिलेले तंतू मोजून तीन. तबकडीयंत्राला ती लावली आणि आवाज वाढविला, तो घरघर सुरू झाली. तार हलवावी तर कुरकुर. सीडी यंत्रातून दोन व्होल्टपर्यंतचा प्रवाह येतो, तेथे असला दोष थोडाफार झाकला जातो. तबकडीच्या सुईकडून येतात जेमतेम पाच सहस्रांश व्होल्ट. तो एवढासा स्वर मोठा करताना घरघरही तितकीच मोठी होते. अमीर खाँसाहेबांच्या मारव्याच्या मुद्रिकेत विलंबित आलापांच्या मधल्या जागा म्हणजे जवळजवळ शांतताच. त्या शांततेत मामा वर्षानुवर्षे ही कुरकुर ऐकत होते. आम्ही गेलो की ते सीडी लावीत. पाहुण्यांसमोर घरघर नको म्हणून.

म्हणजे मामांचे पहिले वाक्य अक्षरशः खरे होते. कुरकुर गेली होती. आणि कुरकुर गेल्यावर तिच्याखाली दबलेला तंबोरा वर यावा, त्याला ‘उघडला’ म्हणावे, यात अतिशयोक्तीही फारशी नाही. त्यांनी आपल्या तारेची तुलना कारखान्याच्या चांगल्या तारेशी कधी केलीच नव्हती. ती आम्ही केली आणि उत्तर त्यांच्या नावावर लिहिले. आमचे गणित बरोबर होते, तेही सीडी यंत्राचे. तबकडीच्या सुईला ते तसे लागूच पडत नाही. तिच्यातील वेटोळ्याचे प्रवर्तन साधारण अर्धा हेन्री असते, आणि केबलची धारिता तेथे खरोखरच फरक करते. एकंदर धारिता दोनशेवरून तीनशे पिकोफॅरडवर गेली तर सुईचा अनुनाद १६ हजार हर्ट्झवरून १३ हजारांवर उतरतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तेवढे वरचे ऐकू येत नसावे, म्हणून या मुद्द्याचे श्रेय आम्ही मामांस देत नाही. त्यांच्या दोन वाक्यांपैकी जे खोडता येण्याजोगे वाटले ते आम्ही उचलले, आणि जे तपासावयास फक्त एक टोपण फिरवावे लागले असते ते सोडून दिले. दिवा आम्ही आणला होता हे खरे. तो आम्ही दुसऱ्याच दोरीवर धरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांसमोर ती काळी पडलेली पिन ठेवली आणि झाले ते सांगितले. वाटले होते, ते रागावतील, निदान डोळे पाणावतील. त्यांनी चष्मा वर करून पिन पाहिली.

“हे मला माहीत होतं. म्हणून तर नवी केली.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत, मामा?”

“तू विचारलंस कुठे? तू नाणं उडवत बसलास.” मग थोडे थांबून, “अकरा आले ते खरंच ना रे?”

“खरंच.”

“हां. म्हणजे तुमच्या कारखान्याच्या तोडीची झाली.”

ही बाजू आम्हांस सुचलीच नव्हती. वीसपैकी अकरा म्हणजे मामांचे कान हरले असे आम्ही वाचले. कंप असलेल्या हातांनी चिमट्यात धरून दिलेले सांधे यंत्रावर जोडलेल्या सांध्यांपासून ओळखू आले नाहीत, असेही ते वाचता येत होते. आकडा तोच.

संध्याकाळी कपाटातून पिवळ्या दोऱ्याची जोडी निघाली आणि पहाटेचा मारवा त्या दिवशी योग्य वेळी, दिवेलागणीस, लागला. आम्हांस काही वेगळे ऐकू आले काय, हे मामांनी विचारले नाही. त्यांनी उरलेली केबल, दोन पिना आणि तापलेला दांडा आमच्यापुढे सरकविला. तुझ्या घरचीही बघ एकदा, म्हणाले. आम्ही चिमटा लावला, कल्हई दिली, श्वास रोखला, आणि पाऊण तासाने एक पिन त्यांच्या हाती दिली. सांधा राखाडी दिसत होता. मामांनी तार दोन बोटांत धरून हलकेच ओढली. ती हातात आली.